बुटीबोरीकडे जाणारा आमचा रस्ता तुंबून राहिलाय, निधी मागायचा कोणाकडे?

टी_पॉइंट | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही. इथं लिहिलेलं दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर वाचून दाखवतात आणि मग मूळ विषय राहतो बाजूला. एवढंच सांगतो की रस्ता बुटीबोरी एमआयडीसीतून निघतो, सात-आठ गावं घेत आमच्याकडे येतो आणि दुसऱ्या टोकाला हायवेला टी-पॉइंटवर मिळतो. डांबरी आहे, रुंदी साडेपाच मीटर. दोन्ही बाजूच्या साइडपट्ट्या इतक्या खचल्यात की समोरून ट्रक आला तर दुचाकीवाला खाली उतरत नाही, पडतो.

आधी या रस्त्यावर सकाळी दुधाच्या गाड्या आणि शाळेची पोरं, एवढंच. आता गावागावातली पोरं कंपनीत लागली. नागपुरात खोली परवडत नाही म्हणून बाहेरचे लोकही आमच्याकडे भाड्यानं राहतात. ले-आऊट तर असे पडलेत की शेत कुठं संपलं आणि प्लॉट कुठून सुरू झाले ते कळत नाही. शिफ्ट सुटली की रस्ता जाम. तीन जागा ठरलेल्या आहेत: रेल्वे फाटक, गावातला शाळेजवळचा वळणाचा चौक, आणि टी-पॉइंट. कापसाच्या दिवसात तर विचारूच नका.

निवेदनं दिली. सरपंचांनी दिली, तरुण मंडळानं दिली. उत्तर ठरलेलं: "प्रस्ताव पाठवला आहे, निधी नाही." माझा प्रश्न साधा आहे. असा रस्ता रुंद करायला किंवा कोंडी फोडायला सरकारी पैसा नेमका कोणत्या खात्यातून येतो? अर्ज कोणी करायचा? ज्यांनी आपल्या भागात हे घडवून आणलंय त्यांनी सांगा. "नेत्याला धरा" हे सोडून सांगा, ते करून झालं.

वर्धेकर_भाऊ | सोमवार, रात्री १०:१५

निधी नाही म्हन्तेत? काहून बाप्पा, मेट्रोले आहे ना! नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं मंजूर केला. ४३.८ किलोमीटर, ६,७०८ कोटी. भागाकार करून पाहा, किलोमीटरले दीडशे कोटींच्या वर जाते. त्यातला सर्वात लांब तुकडा मिहानहून बुटीबोरी एमआयडीसीपर्यंतच येऊन राहिला. म्हणजे नागपूरहून येनारा एसीत बसून येईल, अन् बाजूच्या गावातून येनारा आपला फाटकावर गुटखा खात उभा. समृद्धी ७०१ किलोमीटर झाली, तिचं सुरुवातीचं टोकही आपल्याच हिंगणा तालुक्यात. अन् साडेपाच मीटरचा रस्ता सात मीटर कराले पैसे नाहीत.

अन् ते ब्रॉडगेज मेट्रो? २०१८ मध्ये करार झाला होता, नागपूर-वर्धा, भंडारा, रामटेक, काटोल-नरखेड. कोनाले दिसली का?

विदर्भवादी_जुना | सोमवार, रात्री ११:०२

हे नवीन नाही. १९८४ मध्ये दांडेकर समितीनं अनुशेष मोजला तेव्हा राज्याच्या एकूण अनुशेषातला सुमारे ३९ टक्के वाटा विदर्भाचा निघाला होता आणि रस्ते हे त्यातलं एक क्षेत्र होतं. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आलं, एप्रिल २०२० मध्ये त्याची मुदत संपली. मूळ दुखणं हे आहे. त्यावर बोला, एका चौकावर काय बोलता?

टी_पॉइंट | सोमवार, रात्री ११:२०

काका, तुमचं म्हणणं मान्य. पण उद्या सकाळी सहाच्या शिफ्टला जाणाऱ्याला दांडेकर समितीचा अहवाल दाखवून फाटक उघडत नाही. मला चौकावरच बोलायचंय.

निवृत्त_शाखा_अभियंता | मंगळवार, सकाळी ६:५०

मी बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून नोकरी केली, आता घरी आहे. धागा वाचला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांबेल.

पहिली गोष्ट. निधी कुठून आणायचा हा तुमचा दुसरा प्रश्न असायला हवा. पहिला प्रश्न असा की रस्ता कोणाचा? सरकारी कागदावर "बुटीबोरीकडे जाणारा रस्ता" असं काही नसतं. तिथं प्ररामा, रामा, प्रजिमा, इजिमा आणि ग्रामा असतात. प्रमुख राज्य मार्ग, राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग हे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. एमआयडीसीच्या हद्दीतले एमआयडीसीकडे. हायवेला मिळतो तिथला तोंडाचा भाग राष्ट्रीय महामार्गवाल्यांच्या हद्दीत. तुमचा रस्ता वर्णनावरून एकाच मालकाचा असेल असं वाटत नाही. आणि ज्या रस्त्याला तीन मालक, त्याच्यावर खर्च करायला एकही तयार नसतो. "प्रस्ताव पाठवला आहे" हे उत्तर देणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नाही. पाठवलेला असतो, फक्त ज्याच्याकडे पाठवला त्याचा तो रस्ता नसतो.

रस्ते विकास योजना २००१-२१ मध्ये तुमच्या रस्त्याला नंबर आहे का ते पाहा. पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात रजिस्टर असतं. दाखवत नसतील तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून मागा: रस्त्याचा दर्जा, क्रमांक, लांबी, कोणत्या साखळी क्रमांकापासून (म्हणजे रस्त्यावरच्या अंतराच्या खुणेपासून) कुठपर्यंत कोणाच्या ताब्यात, आणि शेवटचं काम कोणत्या लेखाशीर्षातून (म्हणजे सरकारी हिशोबातल्या खात्यातून) झालं. एवढे पाच मुद्दे पुरे. भाषण लिहू नका.

दुसरी गोष्ट लेखाशीर्षाची. लोक "निधी" म्हणतात तेव्हा एकच तिजोरी डोळ्यांसमोर असते. तसं नसतं. ३०५४ म्हणजे दुरुस्ती-देखभाल. ५०५४ म्हणजे भांडवली काम: रुंदीकरण, सुधारणा, पूल. २५१५ हे ग्रामविकास विभागाचं, लोकप्रतिनिधी सुचवतील ती गावांतर्गत कामं. तुमच्या गावात गेल्या काही वर्षांत चौकाचौकात काँक्रीटचे तुकडे आणि पेव्हर ब्लॉक आले असतील, ते त्यातले. त्यातून तुमची कोंडी सुटणार नाही, कारण ती रक्कम लहान लहान कामांत वाटली जाते आणि वाटलेलीच सगळ्यांना हवी असते. वित्त आयोगाचे ग्रामपंचायतीचे पैसेही याला पुरत नाहीत. आमदार-खासदार निधीचं तेच, एवढ्या रस्त्यापुढं तो चहापाण्याचा खर्च.

मोठं काम ५०५४ मध्ये बसवायचं तर रस्ता निदान प्रजिमा हवा. इजिमा असेल तर आधी दर्जोन्नती करून घ्या. जिल्हा परिषदेचा ठराव लागतो की आम्ही हा रस्ता बांधकाम विभागाकडे द्यायला तयार आहोत. मग प्रस्ताव कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता, मुख्य अभियंता असा मंत्रालयात जातो आणि शासन निर्णय निघतो. वेळ लागतो. पण दर्जोन्नती झालेल्या रस्त्याला नाबार्डचं कर्ज, केंद्रीय मार्ग निधी, राज्याचा अर्थसंकल्प हे सगळे दरवाजे खुले होतात. न झालेल्याला जिल्हा नियोजनातले चार पैसे.

तिसरी गोष्ट वाहन गणनेची. ती रात्री लिहितो, आता नातीला शाळेत सोडायचंय.

संत्रा_कपाशी | मंगळवार, सकाळी ८:३०

साहेब चांगलं सांगून राहिले, पण माझं वावर त्या रस्त्याले लागून आहे, म्हणून आधीच विचारतो. सात मीटर म्हणजे किती आत येनार? आमच्या आज्याच्या वेळी ही पांदण होती, बैलबंडी जायची. मग खडीकरण झालं, मग डांबर. दरवेळी दोन-चार फूट आमचे गेले अन् कोनी एक रुपया देला नाही. सातबाऱ्यावर अजून पुरं क्षेत्र आहे अन् धुऱ्यावरचा लिंब रस्त्यात उभा आहे. कोंडी मलेही होते, कापूस जिनिंगले न्यायचा तर ट्रॅक्टर अर्धा तास फाटकावर. पन मोबदल्याचं बोलल्याशिवाय मोजनीवाला आला तर मी उभा राहीन.

पुण्यनगरीत_वैदर्भीय | मंगळवार, सकाळी १०:०५

मंडळी, छोटं कशाला मागता? थेट एलिव्हेटेड कॉरिडॉर मागा. इथं पुण्यात बघा, मागितल्याशिवाय मिळत नाही.

वर्धेकर_भाऊ | मंगळवार, सकाळी १०:२०

मागितल्यावर तुमची पुण्याची कोंडी सुटली का, ते सांग आधी.

स्कूटीवाली_सिस्टर | मंगळवार, दुपारी २:४५

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, रोज या प्रकारच्या रस्त्यानं जाते (तोच रस्ता की दुसरा, सांगत नाही). सगळे रुंदीकरणावर बोलताहेत. मला विचाराल तर कोंडी दिवसभर नसते. सकाळी सहाच्या आधीचा अर्धा तास, दुपारी दोनच्या पुढंमागं, आणि रात्री दहानंतर. उरलेल्या वेळी त्या रस्त्यावर शेळ्या बसलेल्या असतात. म्हणजे तीनही शिफ्ट सगळ्या कंपन्यांच्या एकाच ठोक्याला सुटतात, ही अडचण आहे. बाळंतपणाची केस घेऊन निघालेली १०८ त्या अर्ध्या तासात सापडली तर ड्रायव्हर हॉर्न वाजवून करणार काय? दोन्ही बाजूंनी दुचाक्यांनी रस्ता पूर्ण भरलेला असतो. फाटक बंद असताना लोक दुसऱ्याची बाजूही अडवतात, आणि उघडल्यावर दोन्ही फौजा समोरासमोर.

फाटकाच्या दोन्ही अंगाला मध्ये दुभाजकाचे नुसते खांब रोवले तरी अर्धा त्रास कमी होईल. त्याला कोणता शासन निर्णय लागतो?

एचआर_बुटीबोरी | मंगळवार, सायंकाळी ५:३०

शिफ्टचं सिस्टरनं बरोबर धरलंय. आमच्याकडे यावर चर्चा झाली होती, कंपनीचं नाव सोडा. अर्ध्या तासाचा फरक ठेवायला कायद्याची अडचण नाही. कामगार कायद्यानुसार कामाच्या वेळांची नोटीस लावायची आणि बदल करण्याआधी निरीक्षकांना कळवायचं. खरी अडचण अशी की एकाच बसनं तीन कंपन्यांची माणसं येतात. एकानं वेळ बदलली तर बस रिकामी किंवा माणूस लटकलेला. म्हणून हे एकट्या कंपनीनं होत नाही, उद्योजकांच्या संघटनेनं आणि एमआयडीसीनं बसून ठरवलं तर होईल. रुपया लागत नाही, पण बैठक लागते, आणि बैठकीला बोलावणारा लागतो. जिल्हाधिकाऱ्यांनी बोलावलं तर सगळे येतात.

सीएसआरबद्दल, म्हणजे कंपनीनं समाजकामावर करायच्या खर्चाबद्दल, कोणी विचारेल म्हणून आधीच सांगतो. कंपनी कायद्यात दोन टक्क्यांची तरतूद आहे, ग्रामीण विकासात रस्त्याचं काम बसवता येतं, पण फक्त आपल्याच कामगारांच्या सोयीचं काम त्यात धरता येत नाही. शिवाय कंपन्यांना ज्या कामावर फलक लावता येतो ते आवडतं. गतिरोधकावर फलक कुठं लावणार?

निवृत्त_शाखा_अभियंता | मंगळवार, रात्री ८:१०

राहिलेलं लिहितो.

कोंडी आहे हे तुम्हाला दिसतं, फाइलला दिसत नाही. फाइलला पीसीयू दिसतात. प्रत्येक वाहनाला कारच्या तुलनेत वजन दिलेलं असतं. कार एक, दुचाकी अर्धा, ट्रक किंवा बस तीन, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार. आणि बैलबंडी आठ. हसू नका, इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत आहे. हळू चालते, मागच्याला अडवते, म्हणून आठ. त्याच मार्गदर्शिकेत सपाट प्रदेशातल्या ३.७५ मीटरच्या एकपदरी रस्त्याची क्षमता दिवसाला २,०००, साडेपाच मीटरच्या मध्यम पदरी रस्त्याची ६,००० आणि सात मीटरच्या दुपदरी रस्त्याची १५,००० पीसीयू धरली आहे. तुमचा रस्ता मधल्या खान्यातला. त्यामुळे गणना ६,००० च्या पुढं गेली की दुपदरी करण्याची मागणी तुमची राहत नाही, नियमाची होते. अर्ज "जनतेची तीव्र भावना" यावर लिहू नका. भावना सगळ्याच रस्त्यांवर तीव्र असते.

आता यातली खोच. गणना सात दिवस, चोवीस तास करायची असते, वर्षातून दोनदा: एकदा सुगी-बाजाराच्या हंगामात, एकदा मंदीच्या काळात. आपल्याकडे म्हणजे एक गणना कापूस निघत असताना पडली पाहिजे, डिसेंबर-जानेवारीत. उन्हाळ्यातली एकच गणना दाखवून "वाहतूक कमी आहे" असं कोणी सांगत असेल तर तिथंच पकडा. दुसरं, वर सांगितलेल्या मर्यादा या गृहीतावर आहेत की गर्दीच्या तासात दिवसाच्या आठ-दहा टक्के वाहनं येतात. शिफ्टच्या रस्त्यावर एका तासात त्याहून बरीच जास्त येतात. म्हणजे दिवसाची बेरीज मर्यादेत बसली तरी सहा ते सातच्या दरम्यान रस्ता बुडालेला असतो. म्हणून तासागणिक तक्ता मागा. सिस्टरनं जे डोळ्यांनी पाहिलं ते कागदावर तिथं दिसेल.

फाटकाचं गणित वेगळं. रेल्वे दिवसभरातल्या गाड्यांची संख्या आणि वाहनांची संख्या यांचा गुणाकार करते, त्याला टीव्हीयू म्हणतात. तो एक लाखाच्या पुढं गेला की उड्डाणपुलाचा खर्च रेल्वे आणि राज्य निम्मा-निम्मा वाटून घेतात. दिवसाला शंभर गाड्या धरल्या तर एक हजार वाहन-एकक पुरतात. मुख्य मार्गावर तुमचं फाटक असेल तर हा आकडा अवघड नाही. राज्यात असे पूल महारेल बांधतं, ते राज्य आणि रेल्वेचं संयुक्त महामंडळ. केंद्रीय मार्ग निधीतून सेतुबंधन योजनाही आहे, तीत राज्य रस्त्यांवरचे रेल्वेपूल घेतले जातात. राज्य रस्ते, हे लक्षात ठेवा. पुन्हा दर्जोन्नतीवर आलो.

संत्रा-कपाशीवाल्या भाऊंना: तुमचा मुद्दा फाइल अडवणारा नाही, फाइलमध्ये असायला हवा असा आहे. गाव नकाशावर रस्त्याची मूळ रुंदी किती, आजची किती, फरक कोणाच्या गटातून गेला, याची भूमी अभिलेखाकडून मोजणी करून घ्या. जी जमीन कधी संपादितच झाली नाही तिचा मोबदला नवीन कामाच्या अंदाजपत्रकात धरता येतो. काम झाल्यावर मागितलात तर कोर्टात जावं लागतं. आणि गावाच्या भागात सात मीटर बसत नसेल तर तिथं रुंदी न वाढवता गटार झाकून त्यावरून पायवाट काढता येते. सगळीकडे रस्त्याची एकच मांडणी हवी असं नाही.

विमा_एजंट_हिंगणा | मंगळवार, रात्री ९:३०

टी-पॉइंटसाठी माझी भर. राष्ट्रीय महामार्गावर "ब्लॅक स्पॉट" ठरायला व्याख्या आहे. साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. तसा ठरला की तिथं सुधारणेला वेगळा पैसा असतो: वळण मार्गिका, दिवे, गरज असेल तर भुयारी मार्ग.

पण आपल्या गावांत अपघात झाला की काय होतं? "जाऊ दे भाऊ, ओळखीचा आहे, दवाखान्याचा खर्च देतो." आपसात मिटतं. पोलिसात नोंद नाही म्हणजे अपघात झालाच नाही. नंतर तीच माणसं माझ्याकडे क्लेम घेऊन येतात आणि एफआयआर नाही म्हणून मी हात वर करतो. पाय मोडला तो मोडलाच, पण टी-पॉइंटच्या हिशोबातही धरला गेला नाही. आता पोलिस अपघाताची जागा मोबाइल अॅपवर नोंदवतात, अक्षांश-रेखांशासकट. नोंद करा एवढंच सांगतो.

वर्धेकर_भाऊ | मंगळवार, रात्री ९:४१

म्हणजे चौक मिळवाले आधी माणसं मोजून द्या. वा रे व्याख्या.

विमा_एजंट_हिंगणा | मंगळवार, रात्री ९:५०

मलाही ते आवडत नाही. पण झालेले अपघात तरी मोजले जावेत, एवढंच म्हणतोय.

लेआऊट_पीडित | बुधवार, सकाळी ११:१५

कोणीच एनएमआरडीएचं नाव घेतलं नाही. २०१७ मध्ये नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलं, ७१९ गावं त्यात. आमच्या ले-आऊटला मंजुरी घेताना विकास शुल्क भरून घेतलं. माझा प्रश्न: ज्या गावांतून ले-आऊटचं शुल्क जमा झालं त्या गावांच्या रस्त्यावर त्यातला किती खर्च झाला? गावनिहाय माहिती मागा. आमच्या प्लॉटवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज शिव्या चालतात, पण अर्ज एकानंही केला नाही. मीसुद्धा प्लॉट विकून मोकळा व्हायचं बघतोय, पण या रस्त्यामुळेच गिऱ्हाईक येत नाही!

टी_पॉइंट | पुढच्या महिन्यातला शनिवार, दुपारी १:००

धागा वर आणतो. माहिती अधिकाराचं उत्तर आलं. निवृत्त साहेबांनी न पाहता सांगितलं होतं तेच निघालं. एमआयडीसीची हद्द संपेपर्यंतचा तुकडा एमआयडीसीचा. मधला सगळा भाग इजिमा, जिल्हा परिषदेकडे. टी-पॉइंटच्या अलीकडचा तुकडा जुन्या प्रजिमाचा, म्हणजे बांधकाम विभागाचा. फाटक मधल्या तुकड्यात. आणि आमची आजवरची सगळी निवेदनं बांधकाम विभागाला दिलेली, ज्यांच्याकडे फक्त शेवटचा तुकडा! तिथले साहेब भेटले, माणूस चांगला आहे. म्हणाले, "माझ्या भागात खड्डा दाखवा, उद्या बुजवतो. पुढचं माझ्या हातात नाही."

शेवटचं काम कशातून झालं विचारलं होतं. मधल्या भागावर ३०५४ मधून खड्डे भरले, तेही तुकड्यातुकड्यानं. भांडवली काम कधी झालं याच्या रकान्यात "माहिती उपलब्ध नाही".

संत्रा-कपाशी भाऊ आणि मी गाव नकाशा काढून आणला. त्यांच्या गटाशेजारी रस्ता तुटक रेषेनं दाखवलाय, पांदण म्हणूनच.

संत्रा_कपाशी | शनिवार, दुपारी १:४०

हो, सोबत गेलो होतो. तलाठी म्हने हे तुटक रेषेचं अजून कोनी पक्कं केलंच नाही. म्हणजे कागदावर बैलबंडीचा रस्ता अन् वरून चौदा चाकी ट्रक जाऊन राहिला. मोजनीचे पैसे आम्ही रस्त्याकडचे शेतकरी मिळून भरून राहिलो. मोबदल्याचं लिहून येनार असेल तर माझी हरकत नाही. दोघांची आहे, त्यांच्या घरी मीच जातो.

निवृत्त_शाखा_अभियंता | शनिवार, सायंकाळी ६:२०

आता काम आकारात आलं. एकच मोठा अर्ज करू नका, तो तीन टेबलांवर फिरत राहील. चार वेगळे करा.

जिल्हा परिषदेकडे दर्जोन्नतीच्या ठरावाची मागणी. ती रस्त्यावरच्या सगळ्या ग्रामपंचायतींच्या ग्रामसभा ठरावांसह द्या, एका गावाच्या नाही. २ ऑक्टोबरची ग्रामसभा समोर आहे, ती चुकली तर २६ जानेवारी. त्याच अर्जात कापसाच्या हंगामातल्या गणनेची मागणी घाला, तासागणिक.

रेल्वेच्या मंडल कार्यालयाकडे फाटकाचा क्रमांक टाकून टीव्हीयूची शेवटची गणना मागा. जुनी असेल तर नव्यानं करायला सांगा, आणि ती शिफ्ट चालू असलेल्या दिवशी व्हावी, सुट्टीच्या नाही.

टी-पॉइंटसाठी जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. अपघातांची पोलिस ठाण्यातली नोंद जोडून.

आणि चौथा जिल्हाधिकाऱ्यांना, शिफ्टच्या वेळांच्या बैठकीसाठी. हा आधी द्या. यालाच पैसे लागत नाहीत आणि हाच सगळ्यात लवकर होऊ शकतो. शिवाय या बैठकीत एमआयडीसी, परिवहन, पोलिस आणि रेल्वे एका टेबलावर येतात, तेव्हा फाटकाजवळच्या दुभाजकाच्या खांबांचाही विषय काढा. रेल्वेच्या हद्दीत रोवायचे असतील तर त्यांची परवानगी लागते, बाहेर असतील तर रस्त्याच्या मालकाची.

वेळेबद्दल. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये, पुरवणी मागण्या पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात. हिवाळी अधिवेशन नागपुरातच असतं म्हणून सगळे डिसेंबरमध्ये निवेदनाचा गठ्ठा घेऊन निघतात. तोपर्यंत याद्या तयार झालेल्या असतात. अंदाजपत्रकासह प्रस्ताव त्याच्या बरेच आधी मुख्य अभियंत्याच्या टेबलावर असला पाहिजे. आणि यादीत नाव आल्यावर पेढे वाटू नका. कधीकधी कोट्यवधींच्या कामासमोर नाममात्र टोकन तरतूद असते. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश, हे चार कागद हातात आल्यावर मला फोटो टाका.

विदर्भवादी_जुना | शनिवार, रात्री ८:००

मी चौकावर कशाला बोलता म्हणालो होतो. तरी ठरावाचा मसुदा कोणी लिहून देणार असेल तर आमच्या बाजूच्या रस्त्यासाठीही तोच वापरतो. आमचा उमरेडकडचा, कोळशाच्या गाड्यांचा. तिथं खनिज प्रतिष्ठानचा पैसा बसेल का?

निवृत्त_शाखा_अभियंता | शनिवार, रात्री ८:३५

खाणबाधित क्षेत्रात येत असेल तर बसू शकतो. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, जुन्या खाणपट्ट्यांकडून स्वामित्वधनाच्या ३० टक्के रक्कम तिथं जमा होते. पण मोठा हिस्सा पाणी, आरोग्य, शिक्षण अशा उच्च प्राधान्याच्या कामांना राखीव असतो आणि रस्ते उरलेल्या हिश्शात येतात. त्या उरलेल्यावर सगळ्यांचा डोळा असतो. वेगळा धागा काढा, तिथं लिहितो. इथं मिसळू नका.

स्कूटीवाली_सिस्टर | रविवार, सकाळी ७:१०

जिल्हाधिकाऱ्यांच्या अर्जावर आमच्या केंद्राच्या रुग्णवाहिकेच्या फेऱ्यांच्या वेळा जोडायच्या का? लॉगबुकमध्ये निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ लिहिलेली असते. शिफ्टच्या वेळची फेरी आणि दुपारची फेरी यातला फरक त्यात आपोआप दिसतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी मी मागते, रुग्णांची नावं झाकून देऊ.

टी_पॉइंट | रविवार, सकाळी ७:३०

जोडायच्या म्हणजे काय, सर्वात वर तोच कागद लावतो. बाकी गावांचे सरपंच आणि ग्रामसेवक यांची यादी करतोय, ठरावाचा मसुदा आज रात्री इथंच टाकतो. एचआर साहेब, तुमच्या संघटनेच्या अध्यक्षांकडे कोण जाणार? आणि फाटकाचा क्रमांक कोणी नीट वाचून पाठवा. पाटीवरचे शेवटचे दोन आकडे पुसलेत, गेटमन सांगतो तो आणि रेल्वेच्या पत्रातला तो जुळत नाही.

वर्धेकर_भाऊ | रविवार, सकाळी ७:४२

मी आज दुपारी फाटकावरच राहीन, तसाही अर्धा तास मिळतेच. गेटमनच्या केबिनच्या आत बोर्ड लागला आहे, त्याचा फोटो काढू देते का पाहतो.